हिवोतची आठ वर्षं

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. तिळाच्या वड्या केल्या, वरच्या खोलीतल्या एकुलत्या एक शेगडीवर. पाक जरा पुढे गेला, दातांची परीक्षा. खाली इथिओपियन मंडळाच्या हॉलमध्ये इंग्रजीच्या वर्गाला अकराजणी. "तिळगूळ घ्या, गोड बोला" सांगितलं. त्सेहायने आधी विचारलं, उद्यासाठी ठेवली तर चालेल, यात बटर नाही ना? नाही गं बाई. मागे एकदा बुधवारी साजूक तुपातले बेसनलाडू नेले होते आणि अकराच्या अकरा हात मागे गेले. यांचा बुधवार-शुक्रवार उपास. दूधतूप बंद, धान्य चालतं, आपल्या बरोबर उलटं. तेव्हापासून आधी वार बघते, मग डबा भरते.

वर्ग सुटल्यावर त्से. थांबली. "टीचर, काही ईमेल?" नाही. तिची मुलगी हिवोत अदिस अबाबाला, मावशीकडे. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज डिसेंबरात गेला. तो मी भरला, हे आम्हा दोघींनाच माहीत. इथला नियम असा की शिक्षकांनी कुणाच्या फॉर्मला हात लावायचा नाही, इमिग्रेशनच्या सल्लागारबाईंकडे पाठवायचं. त्यांची वेटिंग लिस्ट दोन महिन्यांची. चोवीस वर्षं कौन्सिलमध्ये फॉर्म तपासण्यात गेली माझी. हात शिवशिवतात. राहवलं नाही मला.

१६ जाने., गुरुवार
सकाळपासून कशात लक्ष नाही. ट्रॅमने उगाच दोन स्टॉप पुढे जाऊन चालत परत. बटाटे आणले, घरी बटाटे होतेच.

निनादचा फोन. "आई, तू घरी कधी येतोस?" चाळिशी आली तरी मुलगा माझं लिंग ठरवायला तयार नाही. शनिवारी येते म्हटलं. त्याला वाटतं मी रुसून क्रॉयडनला आले. रुसले नाही रे. हे गेले आणि वॉटफर्डचं घर खायला उठायला लागलं. इथे शिकवायचं, बदल्यात वरची खोली. खाली दिवसभर बायका बोलत असतात, एक अक्षर कळत नाही, तरी बरं वाटतं.

दुपारी त्यांच्यात जेवले. शिरो म्हणजे थेट पिठलं. त्याखाली आंबोळीची मोठी बहीण. त्से.ने स्वतःच्या हाताने घास भरवला, त्यांची पद्धत. लग्नानंतर मला कुणी घास भरवला नव्हता.

२१ जाने., मंगळवार
आज धडा: वाढदिवस. प्रत्येकीने उठून सांगायचं. पाचजणींची तारीख १ जानेवारी. इथे आल्यावर कागदावर कुणीतरी तशी टाकली, झालं. मी म्हटलं, अगं आमच्याकडे १ जून. माझ्या पिढीतला निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्मला. शाळेत नाव घालताना गुरुजी विचारायचे, पोर कधीची? आई म्हणाली, आंब्याच्या दिवसांतली. गुरुजींनी लिहून टाकलं १ जून. पासपोर्टवर तेच, पेन्शनवर तेच. बायका हसून हसून बेजार.

मग त्से. उठली, मोबाइलवर हिवोतचा फोटो दाखवला. बारीक वेण्या, शाळेचा युनिफॉर्म. "माय डॉटर, फेब्रुवारीमध्ये सिक्स्टीन."

सिक्स्टीन?

वर्ग दहा मिनिटं आधी सोडला. डोकं दुखतंय म्हटलं. वर येऊन अर्जाची प्रत काढली. हिवोतचा पासपोर्ट निघालेला नाही, म्हणून आधाराला तिच्या बाप्तिस्म्याचा कागद. कागद त्यांच्या लिपीत. त्से. आकडे वाचत होती: सहा, सहा, दोन हजार एक. मी टाइप करत होते: ६ जून २००१. तिला स्क्रीन दाखवली, २००१ बरोबर का? बरोबर, म्हणाली. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं.

यांचं वर्ष आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. नवीन वर्ष सप्टेंबरात, सहावा महिना येतो फेब्रुवारीत. हे मला माहीत नव्हतं? हॉलच्या भिंतीवर यांची दिनदर्शिका आहे, आज तिथे २०१७ चालू आहे. तिच्याशेजारी माझी मराठी, तिथे शके १९४६. सप्टेंबरात मीच हसत दोन्ही शेजारी टांगल्या. जगात तीन सालं सुखाने नांदतात, असलं काहीतरी भाषणही ठोकलं होतं.

हिवोत जन्मली २००९च्या फेब्रुवारीत. अर्जात तेवीस वर्षांची आहे. अठराच्या पुढे गेलेली मुलगी "मूल" म्हणून आईकडे येऊ शकत नाही.

माझं काय डोकं फिरलं होतं.

२२ जाने., बुधवार
खोली धुऊन काढली. खिडकीसुद्धा.

२३ जाने., गुरुवार
स्वतःशी वकिली चालू आहे. सोबत कागद जोडलाय, वाचणाऱ्याला कळेल. फोटो जोडलाय, ती पोर तेवीसची दिसते का? कदाचित काहीच होणार नाही. कौन्सिलमध्ये माझ्या टेबलावर असा फॉर्म आला असता तर मी काय केलं असतं, तेही माहीत आहे. रकान्यात जे लिहिलंय ते धरलं असतं. फोटो बघून वय ठरवणं माझं काम नव्हतं.

त्से.ने कॉफी केली. हिरव्या बिया तव्यावर भाजायच्या, तो धूर सगळ्यांच्या नाकाशी फिरवायचा, मग कुटायच्या. सोबत पॉपकॉर्न, ऊद. एकाच भांड्यात पुन्हा पाणी घालून तीन वेळा. आज सांगायचंच ठरवून बसले होते. पहिला कप संपला आणि मी उठले, झेरॉक्स काढायच्यात म्हटलं. ती म्हणाली, "टीचर, तू नेहमी एक पिऊन जातेस. ब्लेसिंग तिसऱ्यात असतं."

कसल्या झेरॉक्स. वर येऊन पलंगावर बसून राहिले. भित्री आहे मी.

२५ जाने., शनिवार. वॉटफर्ड
निनादला सांगितलं. त्याने चमचा खाली ठेवला. "आई, तू सॉलिसिटर नाही. तुला हे करायला कोणी सांगितला?" कुणीच नाही. "देन टेल हर. लगेच." बापाचा आवाज. चिडले त्याच्यावर, कारण तो बरोबर होता.

२८ जाने., मंगळवार
उशीर केला मी. ईमेल आला.

त्से. हॉस्पिटलातल्या सफाईची शिफ्ट करून थेट आली, युनिफॉर्मवरच. मोबाइल माझ्या हातात दिला, "वाच." तिचं इंग्रजी एवढं पुढे गेलेलं नाही, म्हणून तर माझा वर्ग. लिहिलं होतं: अर्जातल्या तारखेप्रमाणे मुलगी सज्ञान दिसते. जोडलेल्या कागदाशी मेळ बसत नाही. दहा कामाच्या दिवसांत खुलासा पाठवा, नाहीतर आहे त्या माहितीवर निर्णय होईल.

वाचून दाखवलं. मग सांगितलं. तारीख मी चुकवली. गेल्या मंगळवारी कळलं. तेव्हा सांगितलं नाही, घाबरले.

तिने विचारलं, "किती वर्षांची केलीस?" तेवीस. तिने बोटांवर मोजलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी निघाले तेव्हा ती सात वर्षांची होती, टीचर. आठ वर्षं मी बघितली नाही. तू अजून आठ टाकलीस."

मोबाइल घेऊन गेली. 

२९ जाने., बुधवार
आतो गेताचूंना सांगितलं. 'आतो' म्हणजे आपलं 'राव'. हॉल तेच सांभाळतात, निवृत्त बसड्रायव्हर, आवाज कधी चढत नाही. आजही चढला नाही. "नियम याचसाठी होता, मॅडम." ओरडले असते तर सोपं गेलं असतं. सल्लागारबाईंना तिथल्या तिथे फोन लावला. शुक्रवारची वेळ मिळाली.

३१ जाने., शुक्रवार
सल्लागारबाई कोरड्या, कामाच्या. वर्षांचं रूपांतर अधिकृत भाषांतरकाराकडून. मावशीचं पत्र. शाळेचा दाखला. आणि अर्ज ज्याने भरला त्याचं सही केलेलं निवेदन: मी कोण, कुणाच्या परवानगीने, चूक कशी झाली. त्या निवेदनानंतर मला इथे शिकवता येणार नाही, हेही सांगितलं. गेताचू खाली बघत म्हणाले, खोली शिक्षकाची आहे. समजलं म्हटलं.

त्से.ने पूर्ण वेळ माझ्याकडे बघितलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
त्से. स्वतः वर आली, पहिल्यांदाच. उभ्याउभ्याच: "मी सांगते मीच भरला. तू राहा." माया वगैरे काही नव्हती चेहऱ्यावर. म्हणाली, अकराजणी आहेत, दुसरी टीचर कधी मिळेल माहीत नाही, गेताचूंनी मागच्या वेळी वर्षभर शोधली. हिशोबी बोलली. जाताना दार आपटलं नाही, हळू लावलं.

मोह झाला. इथे खोटं लिहिणार नाही, झाला. दुपारभर झाला. वॉटफर्डच्या त्या घरात परत जायचं नाहीये मला. पण तिने "मी भरला" म्हटलं तर पुढचा प्रश्न तिला येणार: मग स्वतःच्या मुलीचं वय तुला माहीत नाही? मी टेबलापलीकडे असते तर पहिला हाच विचारला असता.

४ फेब्रु., मंगळवार
वर्ग घेतला. कुणालाच काही बोलले नाही. नंतर निवेदन लिहायला बसले. दोन पानं झाली, सल्लागारबाईंच्या भाषेत एकाच पानात बसायला हवं. काटछाट. "सद्हेतूने" हा शब्द दोनदा आला होता, दोन्हीदा खोडला. सद्हेतू कसला, मिरवायची हौस.

सगळ्यात वर रकाने. नाव. पत्ता. जन्मतारीख.

१ जून लिहिलं.

खाली छापील ओळ: वरील सर्व माहिती खरी आहे. जन्मात प्रथमच तिथे पेन अडलं. गुरुजींनी खुर्चीत बसल्याबसल्या माझा जन्म लिहून टाकला त्यावर मी आयुष्यभर हसले, गोष्ट म्हणून सांगितली. त्यांनाही फॉर्म पटकन संपवायचा असणार. फरक एवढाच की त्यांच्या तारखेने माझं काही अडलं नाही. सही केली.

६ फेब्रु., गुरुवार
सगळं गेलं. सल्लागारबाईंनीच पाठवलं. आता वाट बघणे.
बायकांना गेताचूंनी सांगितलं. आल्मझ, सगळ्यांत म्हातारी, वहीत माझं नाव लिहून दाखवून गेली. स्पेलिंग बरोबर.

१० फेब्रु., सोमवार
दोन बॅगा, एक मिक्सर, पुस्तकांचा खोका. मराठी दिनदर्शिका काढायला गेले तर गेताचू म्हणाले, राहू दे. ठेवली.
ईमेल नाही. त्से. वर्गाला आली नाही, डबल शिफ्ट.

१३ फेब्रु., गुरुवार
आज हिवोत खरोखर सोळा पूर्ण. आणि माझा इथला शेवटचा दिवस. निनादने हाफ डे काढलाय, तीनला गाडी घेऊन येतो.

बॅगा खाली आणल्या तर हॉलमध्ये ऊद, कॉफीसाठी त्यांच्या पद्धतीने जमिनीवर गवत पसरलेलं, त्से. तवा घेऊन बसलेली. मला म्हणाली, "बस." एवढंच. माफ केलं का? विचारलं नाही. वाटत नाही अजून केलंय. तिने बाजूच्या जागेवरचा पॉपकॉर्नचा वाडगा उचलला, म्हणून बसले.

पहिल्या कपाला हिवोतचा व्हिडिओ कॉल. मुलीने डोळे बारीक करून मला बघितलं. चांगल्या शाळेतलं इंग्रजी. "तुम्हीच का त्या टीचर? मी आज किती वर्षांची आहे?" सोळा, म्हटलं. "नक्की?" नक्की. आईकडे बघून ती त्यांच्या भाषेत, माझ्या डोक्यावरून, काहीतरी बोलली, दोघी हसल्या. त्से.ला हसताना तीन आठवड्यांनी बघितलं. मग कॉल तुटला आणि तिने भांड्यात पुन्हा पाणी घातलं.

दुसरा कप. तिचा मोबाइल ट्रेवर, साखरेच्या भांड्याशेजारी, स्क्रीन वर. कुणी मुद्दाम बघत नव्हतं. सगळ्याजणी बघत होत्या.

टिंग वाजलं. अकरा कप हवेत थांबले. त्से.ने मोबाइल उचलला, बघितला, परत ठेवला. तिचा नव्हता. माझ्या पर्समध्ये वाजला होता.

निनाद: "आई मी बाहेर आहे. डबल यलो लाइनवर, दंड पडेल. लवकर."

त्से. भांड्यात तिसऱ्यांदा पाणी घालत होती. माझ्याकडे न बघता.

मी लिहिलं: "गाडी फिरवून आण. माझा एक कप राहिलाय."