नसलेल्या खड्ड्याला वळसा

बुधवार, ता. ९
जेवणाची सुट्टी

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. अर्धाच घातलाय असं समज, कारण मी रिकाम्या खोक्यांच्या थप्पीवर बसून लिहितेय आणि आडवं व्हायला जागा नाही. मी मजेत. मामीचा गुडघा काय म्हणतोय? तिने विणलेला स्वेटर इथे रोज अंगात असतो म्हणून सांग. हे गोदाम इतकं उंच आहे की वरच्या फळ्यांवर उन्हाळा आणि खाली आमच्याकडे हिवाळा.

तू म्हणशील, फोन सोडून हिने पत्र काय काढलं? तर फोनवर तू 'हं' म्हणतोस, मग 'बरं' म्हणतोस, आणि 'घे, मामीशी बोल' म्हणून मोकळा होतोस. पत्र असं मधेच मामीच्या हातात देता येत नाही. म्हणजे येतं, पण देऊ नकोस. शेवटपर्यंत तूच वाच.

मामीनेच सांगितलं, तू गोदामाच्या केबिनमध्ये खिळा ठोकलायस म्हणून. 'बिनचालकाची गाडी ज्या दिवशी या दारातून आत येईल त्या दिवशी माझ्या फोर्कलिफ्टची किल्ली या खिळ्याला आणि मी घरी,' असं सगळ्यांसमोर म्हणालास म्हणे. मामी म्हणते, "घरी बसला तर आठवड्याच्या आत माझी भांडी रॅकवर चढवेल आणि खाली उतरवायला मला अर्ज करायला लावेल." खूप हसलो आम्ही दोघी. पण खिळ्याचं नंतर.

आधी इथली गंमत ऐक. आमच्या गाड्या दिसायला बुटक्या, पुढे कॅमेऱ्याचे डोळे, मागे मालाच्या ट्रॉल्यांची शेपटी. ड्रायव्हर नाही. भूक लागली की आपल्या आपण चार्जिंगला जाऊन उभ्या राहतात. (इथल्या माणसांना मात्र जेवायला हाका माराव्या लागतात, मीसुद्धा त्यातलीच.) चौकात दोन समोरासमोर आल्या की दोघी थांबतात. ही म्हणते आधी तुम्ही, ती म्हणते छे छे, आधी तुम्ही. म्हणून सगळे त्यांना 'जावा' म्हणतात. मागे वीस माणसं खोळंबलेली आणि या दोघींचा मानपान चाललेला! आणि तिकडच्या कोपऱ्यात एक यंत्राचा हात आहे, तो रबरी ओठांनी खोकी उचलतो, अगदी चहाची बशी फुरकल्यासारखा आवाज करत. मी पहिल्या दिवशी त्याच्याकडे बघत इतका वेळ उभी राहिले की माझ्याच हजेरीची बोंब झाली.

कुठे होते मी? हां. माझं काम काय, ते. तुला वाटत असेल, कॉलेज अर्ध्यावर टाकलेली, जहाजावरच्या खानावळीत भांडी घासलेली, मोबाईलची कव्हरं विकलेली ही पोरगी तिथे करते काय? तर मी या गाड्यांना रस्ता शिकवते. खरंच. गाडीवर उभं राहून मी स्वतः एक फेरी चालवायची. ती डोळे उघडे ठेवून बघते, लक्षात ठेवते, आणि मग जन्मभर तश्शीच जाते. मुलाखतीत विचारलं, चालवायला कुठे शिकलीस? म्हटलं, मामाच्या मांडीवर. नोकरी लागली.

आता हसायचं नाही. बरं, हस.

तुमच्या दाराजवळच्या खांबाशी तो खड्डा आहे ना? 'खांब दिसला की उजवीकडे अंग चोर,' असं तू मला किती वेळा ओरडून सांगितलंयस. आणि वळणाआधी हॉर्न दोनदा: एकदा समोरच्यासाठी, एकदा आपल्यासाठी. माझ्या हाडात बसलंय ते. मी राहते तिथल्या जिन्यातसुद्धा तोंडाने 'पीं पीं' करते, शेजारीण मला वेडी समजते.

तर इथेही दाराजवळ खांब आहे. फरशी मात्र आरशासारखी. आठवडाभर गाड्या पळाल्या. मग एक दिवस मुकादमबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"काय गं, या सगळ्या इथे येऊन बाजूला का सरकतात?"

"सरकतात होय?"

"कुणी झोपलंय का तिथे? एकीमागून एक, सगळ्या रस्ता देतायत."

आमचा इंजिनिअर आला. त्याला आम्ही चष्मा म्हणतो. पालथा पडला, फरशीला नाक लावलं, तेल बघितलं, कॅमेरे पुसले, लॅपटॉपशी भांडला. "सेन्सर गेलाय," म्हणाला. सगळ्या गाड्यांचे सेन्सर एकदम एकाच खांबाशी कसे जातील, हे त्याचं त्यालाही पटेना. मी आधी मजा बघत होते. मग दया आली.

"सर, तिथे खड्डा आहे."

"कुठे?"

"माझ्या मामाच्या गोदामात."

मामा, सगळं गोदाम हसलं. चष्मा तर तिथेच फरशीवर बसून हसला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फेऱ्या मारून गाड्या सरळ केल्या. एकीला मात्र मुकादमबाईंनी हात लावू दिला नाही. म्हणाल्या, "राहू दे. एकीला तरी आजोळ असू दे." ती अजून वळसा घेते.

सुट्टी संपत आली आणि मी अजून नमनालाच घडाभर तेल घालतेय. बाजूला भोंगा वाजतोय. लिहून टाकते.

पुढच्या महिन्यात आम्ही ज्या गोदामात गाड्या लावायला जाणार आहोत, ते तुझं गोदाम आहे. दारातून पहिली गाडी आत आणणारी मीच.

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मग दुसरं कुणी आलं असतं, आणि त्याच्या लेखी ते नुसतं एक गोदाम असतं. म्हणून हो म्हटलं, आणि तेव्हापासून दर रविवारी तुला फोन करून हवापाण्याच्या गप्पा मारतेय.

लांबच्या फेऱ्या गाड्यांकडे जातील. उंच रॅक, ट्रक भरणं, वेडावाकडा माल, हे तुमच्याकडेच. चष्म्याला विचारलं, "आणि पुढे?" तो म्हणाला, "पुढचं मला माहीत नाही." मलाही नाही. गोड करून सांगितलं तर तू ओळखशील.

एकच मागणं आहे. तुमच्याकडची शिकवायची फेरी मी नाही मारणार. तू मार. मी मागच्या ट्रॉलीवर बसेन, लहानपणी बसायची तशी. त्यानंतर किल्ली खिळ्याला टांगायची तर टांग, मी एक शब्द बोलणार नाही. पण ती गाडी माझ्या हाताने आत आली आणि तू केबिनमध्ये पाठ करून उभा, असं नको.

'हं' नको, 'बरं' नको. काहीतरी लिही.

तुझी,
साऱ्या जगात बिनधास्त हिंडलेली आणि पहिल्यांदाच कुठे परत यायला घाबरलेली
भिंगरी

—

रविवार, ता. २०

चि. भिंगरी,

अनेक आशीर्वाद.

पत्र मामीला दिलं नाही. तिने माझ्या खांद्यावरून वाचलं, त्याला माझा इलाज नाही. गुडघा तसाच आहे, तोंड उत्तम चालतंय.

गाड्या येणार हे साहेबांनी आम्हाला मागेच सांगितलं. कोण आणणार तेही सांगितलं. तू कळवतेस का, एवढंच बघत होतो. हल्ली दर रविवारी फोन मीच उचलत होतो, हे तुझ्या लक्षात आलं नाही. तू मला पावसापाण्याचं विचारत होतीस.

खिळा आहे तिथेच आहे. काढला तर भिंतीला भोक राहील. सध्या त्यावर टोपी टांगतो.

आता खड्ड्याचं. तो बुजवला. तू गेलीस त्याच्या पुढच्याच वर्षी. वरून सिमेंट, त्यावर पिवळा रंग. तुला ठाऊक नाही, कारण तू आली नाहीस. रागावून लिहीत नाही, झालं ते सांगतो.

पण तुझं पत्र वाचल्यावर मी मुद्दाम लक्ष ठेवलं. खांब आला आणि माझी गाडी उजवीकडे गेली. मग उभा राहून इतरांचं बघितलं. सगळे वळसा घेतात. नवा लागलाय तोसुद्धा, आणि त्याने खड्डा कधी पाहिलेलाही नाही. विचारलं, "का रे बाबा?" तर म्हणतो, "काका, इथून असंच जायचं असतं." तुमच्या त्या चष्म्याला सांग, आमचेही सेन्सर गेलेत.

परवा सगळे गेल्यावर सरळ जाऊन बघावं म्हटलं. खांबाशी हात आपोआप वळला. इतक्या वर्षांचा हात आहे, माझं ऐकत नाही.

फेरी मी मारतो. पण उभं राहून चालवायची सवय नाही, तेव्हा आधी तू मला शिकवायचंस. ओरडायचं असेल तर ओरड, मी कमी ओरडलो नव्हतो. आणि मागे ट्रॉलीवर नको, पुढे माझ्या शेजारी उभी राहा. खांबाशी सरळ जायचं की वळायचं, ते तिथे पोचल्यावर दोघं मिळून ठरवू.

दाराशी आलीस की हॉर्न दोनदा वाजव. दार मी उघडतो.

तुझा,
किल्ली अजून खिशात असलेला
मामा