धरणारी आणि गुंडाळणारी

५ मार्च

बाबांचा फोन. पुन्हा तेच! "इतकी शिकलीस आणि परक्या देशात जाऊन नाममात्र मानधनावर राबतेस. आपल्याकडे काय वाकड्या पायांची पोरं जन्माला येत नाहीत?"

येतात की. पण तिकडे त्या पायांपर्यंत माझा हात पोचायला दहा वर्षं लागली असती. इंटर्नशिपभर मी सर्जन मॅडमच्या मागे उभ्या असलेल्या सीनियरच्या मागे उभी होते. पाय कमी पाहिले, पाठी जास्त. इथे पहिल्याच आठवड्यात बाळ माझ्या हातात दिलं!

हे बाबांना सांगितलं तर म्हणाले, रांगेत उभं राहायचा कंटाळा आला असं सरळ म्हण. म्हटलं, हो, आला. त्यांच्या मित्राच्या दवाखान्यात माझ्यासाठी जागा अडवून ठेवली आहे, सप्टेंबरपर्यंत. मी सांगून टाकलं — मी इथे दुसरं वर्ष मागणार. मग फोन आईकडे गेला. तिला एवढंच हवं होतं की मी नीट जेवते ना.

११ मार्च

मंगळवार म्हणजे प्लास्टर. खोली माझ्या घरच्या बाथरूमपेक्षा जरा मोठी. बेसिन कायम तुंबलेलं, जमीन पांढरी, माझ्या भुवया पांढऱ्या. पाऊल आत वळलेलं बाळ आणायचं, पाऊल हळूहळू बाहेर वळवायचं, तसंच धरून ठेवायचं आणि दुसरीने वरून प्लास्टर गुंडाळायचं. पुढच्या मंगळवारी आणखी थोडं. पाच-सहा प्लास्टरं झाली की पाऊल सरळ! ऑपरेशन नाही, काही नाही — म्हणजे फार तर टाचेजवळ एक छोटी चीर.

मी धरते, इथल्या सिस्टर गुंडाळतात. खरी मेख धरण्यातच आहे. अंगठा चुकीच्या हाडावर गेला की सगळं फुकट. सिस्टर गुंडाळतात मात्र सुरेख. माझ्या आईच्या वयाच्या आहेत, सगळं हॉस्पिटल त्यांना वचकून असतं.

आज ठोक्याचं तिसरं प्लास्टर; त्याची पावलं फार ताठ, वीसेक तरी लागतील. प्लास्टरचे पाय टेबलावर आपटतो आणि स्वतःच हसतो, म्हणून ठोक्या. त्याची आई दोन बस बदलून येते.

२ एप्रिल

राहायच्या खोलीत आम्ही दोघी. माझ्याबरोबरची पाणीपुरवठ्याच्या कामाला आली आहे, इंजिनिअर. आज तिला विचारलं, तू का आलीस? उशीत तोंड खुपसून म्हणाली, "घरातून निघायचं होतं आणि लग्न न करता निघायला हा एकच रस्ता होता." इतकं खरं बोलणारी माणसं मला फार आवडतात. निवडीच्या मुलाखतीत मात्र तिनेही सेवाभाव वगैरे सांगितलं होतं. मीही!

८ एप्रिल

सिस्टरनी प्लास्टर भिजवता भिजवता तोच विषय काढला. तुम्ही शिकलेली मुलं घरदार सोडून येता तरी कशासाठी? मी चांगलं दहा मिनिटं ऐकवलं. जिथे गरज तिथे जावं, जग एकच आहे, पैसा काय नंतरही मिळतो. बोलताना माझं मलाच बरं वाटत होतं. सिस्टरनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे इथे तुझी कोणीतरी वाट बघतं."

हो. तेच! मंगळवारी सकाळी आयांची रांग मला पाहून सावरून बसते. घरी माझी वाट कोण बघत होतं? जेवायला सोडून.

२० मे

ताप. उठता येत नाही. प्लास्टरचा दिवस बुडाला.

२३ मे

आज कळलं मंगळवारी काय झालं ते. आया जुनं प्लास्टर घरीच भिजवून काढून आणतात — मीच लावलेली शिस्त, म्हणजे इथला वेळ वाचतो. तर मंगळवारी सगळी बाळं उघड्या पायांनी आली आणि धरणारी अंथरुणात! सिस्टर नुसत्या गुंडाळून काय करणार? सगळ्यांना परत पाठवलं. आठवडाभर उघडं पाऊल म्हणजे ते पुन्हा आपल्या जुन्या, वाकड्या जागी निघालं.

मला एकदा फोन केला असता, असं मी चिडून म्हणाले. सिस्टर म्हणाल्या, केला होता, तू बरळत होतीस.

२७ मे

ठोक्याचं पाऊल तर बरंच सरळ झालं होतं. आज पाहिलं तर पुन्हा आत वळलेलं. दोन प्लास्टरं मागे गेलो. मी पाय धरून बसले होते, तेव्हा त्याच्या आईने विचारलं, "तुम्ही घरी गेलात की याचे पाय कोण धरणार?"

मी म्हटलं, मी कुठे जातेय! ऐकून तिचा चेहरा काही खुलला नाही.

१० जून

आजपासून उलट. सिस्टर धरणार, मी गुंडाळणार. त्यांनी आधी साफ नाही म्हटलं — एवढी वर्षं पट्ट्याच बांधल्या, आता या वयात कुठे! मी हात धुऊन मागे लागले. माझा अंगठा त्यांच्या अंगठ्यावर ठेवून जागा दाखवली. टाचेला हात लावायचा नाही, हे चारदा ओरडले. सिस्टरना ओरडणारी मी पहिलीच असणार!

आणि माझं गुंडाळणं? ठोक्याचा पाय नव्हे, गादीची वळकटी. सिस्टर पोट धरून हसल्या. ते काढून पुन्हा केलं.

१ जुलै

सिस्टरना जमायला लागलं. मला आनंद झाला. खरं तर जरा झोंबलंही — ठोक्याची आई आज सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसली. बसू दे. धरणाऱ्या दोघी झाल्या तर एकीला ताप यायला हरकत नाही.

२२ जुलै

ज्या संस्थेने मला पाठवलं तिथले साहेब पाहणीला आले. दारात उभे राहून बराच वेळ सिस्टरचे हात बघत होते. दुसऱ्या वर्षाचं विचारलं तर म्हणाले, इथे आता तुमची गरज उरली आहे का? चांगलं काम केल्याचं बक्षीस! तरी मी अर्ज दिला. मी सहजासहजी सोडणाऱ्यातली नाही.

ते गेल्यावर सिस्टरनी विचारलं, यांच्याकडे जायला वयाची अट असते का? मी म्हटलं, नसावी, पाणीवालीच्या ऑफिसात एक आजोबा आले आहेत. पण का? काही नाही, म्हणाल्या आणि बेसिन उपसायला लागल्या.

१९ ऑगस्ट

ठोक्याचं शेवटचं प्लास्टर निघालं. दोन्ही पावलं सरळ. आता फक्त झोपताना मधल्या पट्टीने जोडलेले बूट. टेबलावर पाय आपटले, पण आवाज आला नाही तेव्हा रडायला लागला! त्याची आई आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो. हे घरच्या कुठल्या नोकरीत मिळालं असतं? बाबांनी पुन्हा तो प्रश्न विचारावाच आता.

३१ ऑगस्ट

विचारला. सप्टेंबर लागतो आहे, जागा किती दिवस अडवणार? मी ठोक्याची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "असा एखादा इथेही असेलच ना कुठेतरी." त्यांचा मुद्दा सोडत नाहीत. माझेच वडील!

२ सप्टेंबर

दुसरं वर्ष मंजूर! कारण इथली जागा रिकामी होते आहे. सिस्टर जात आहेत, वर्षभरासाठी, त्याच संस्थेतर्फे, माझ्याइतक्याच मानधनावर. मी त्यांना मिठीच मारली. मग विचारलं, कुठे?

माझ्याच देशात. आमच्या घरापासून बसने दोन तासांवरचं हॉस्पिटल.

"तिथे पाय धरणारं कोणी नाही म्हणे," सिस्टर म्हणाल्या.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.