पहिल्या पानावर दादा, अकराव्यावर मी

ती. सौ. वहिनींस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? दादाची प्रकृती विचारत नाही, ती इंटरनेटवर दिसते. (दुकानापुढे हाताची घडी घालून उभा आहे. फोटोतला शर्ट मी घेतलेला.) फोन केला तर तोच उचलेल, म्हणून हे पत्र.

दादाने शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान वेगळं काढलं त्याला सहा वर्षं झाली आणि तेव्हापासून आमचा अबोला आहे, हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. त्याने वेबसाइट केली, म्हणून मीही केली. आता कुणीही ‘शिलाई मशीन दुरुस्ती’ असं शोधलं की पहिल्या पानावर, सगळ्यात वर, दादा. मी अकराव्या पानावर, एका बुटांच्या दुकानाखाली. तिथवर माणूस पोचत नाही. मी पोचलो तो हट्टाने. माझी वेबसाइट करून देणाऱ्या टायपिंग क्लासच्या बाईंनी समजावलं, की तुमचं काम कसं आहे हे ते सर्च इंजिन बघतच नाही. किती जणांनी आपापल्या वेबसाइटवरून लिंक देऊन तुमच्याकडे बोट दाखवलंय ते बघतं, आणि बोट दाखवणाराही वजनदार लागतो. दादाकडे शिवणक्लासवाले, कापडवाले, झालंच तर तुमच्या माहेरची मंडळी, सगळे बोट दाखवतात. माझ्याकडे एकट्या टायपिंगच्या बाई, आणि त्यांना तिथे कुणी विचारत नाही. मी म्हटलं, बाई, यात नवीन काय शोधलं? आमच्या घरात हे तीस वर्षं चाललंय.

पण एका बाबतीत मी पहिला आहे. वेबसाइटवर ‘आमच्याविषयी’ म्हणून जागा असते. लोक तिथे दोन ओळी लिहितात, मी दोन हजार शब्द लिहिले. (बसलो तेव्हा दोन ओळीच लिहायच्या होत्या.) दादाने वाटणी कशी केली, बाबांची हत्यारांची पेटी कशी नेली, मी तापाने पडलो तेव्हा कसा फिरकला नाही, सगळं तारखांसकट. बाई म्हणाल्या, हे शब्द असे एकत्र दुसऱ्या कुणाच्याच पानावर नाहीत, त्यामुळे कुणी वेडंवाकडं काही विचारलं की त्या इंजिनाला तुमच्याशिवाय गत्यंतर नाही. ‘सख्खा भाऊ बोलत नाही काय करावं’ असं विचारून बघा. पहिला मी. खाली दुकानाचा नंबर.

वहिनी, दिवसाला तीन-चार फोन येतात. मशीनचा एकही नाही. एक निवृत्त पोस्टमास्तर विचारतात, “आधी कुणी बोलावं?” मी म्हटलं, “अहो, मी मशीन दुरुस्त करतो.” “हो, पण तुम्ही फार सविस्तर लिहिलंय.” एका बाईंनी माझी सगळी बाजू ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “चूक तुमचीच दिसते.”

मागच्या महिन्यात एकाचा फोन आला. एकोणीस वर्षांचा अबोला, भाऊ दवाखान्यात, जाऊ की नको? समोर गिऱ्हाईक नव्हतं, पण आहे असं दाखवून मी खेकसलो, “जा की! मला काय विचारता?” संध्याकाळी परत फोन.

“गेलो होतो. त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, माझी शिडी कुठाय?”

“मग?”

“मग काय, दोघंही रडलो. शिडी मोडलीय हे अजून सांगितलं नाही.”

दोन दिवसांनी तो भाऊ गेला. हेही त्याने मलाच कळवलं, वहिनी. मला! शिडीचं सांगायचं राहून गेलं म्हणाला. अर्धा तास मी नुसता ऐकत होतो. ठेवताना त्याने माझे आभार मानले. असल्या आभारांचं मी काय करू?

चूक दादाची आहे, हे माझं मत कायम आहे. मुलांना आशीर्वाद.

तुमचा धाकटा दीर

ता. क. ते पान काढून टाक, असा दादाचा निरोप तुमच्या भावाकडून पोचला. काढलं असतं, पण पासवर्ड हरवलाय. (टायपिंगच्या बाईंना माहीत आहे. पण पान काढलं तर फोन बंद होतील.)

आणखी एक ता. क. चार महिन्यांपासून माझा उजवा हात थरथरतो. तेही शोधून पाहिलं. पहिल्याच पानावर इतकं भयंकर निघालं की दुसऱ्यावर गेलो नाही. सुई आणि खालून धागा पकडणाऱ्या हुकाचं टायमिंग मला आता जुळवता येत नाही. समोरच्या शिंपीणबाईंचं मशीन आठवडाभर माझ्याकडे उघडं पडलंय आणि त्यांचं घर त्यावर चालतं. दादाला रविवारी पाठवा. मी बोलावलंय म्हणू नका, बाईंचं अडलंय म्हणा. आणि खुशाल पुढच्या दाराने येऊ दे. बघायला कुणी नसतं.