दम किती लागला?

३ जून, मंगळवार
आजपासून हिचा वर्ग. ल्युपसच्या आजारानं फुप्फुसं कडक झालीत, म्हणून आठ आठवडे श्वासाचा व्यायाम. बावीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवतोय, आणि माझ्याच बायकोला पळवणार दुसरंच कुणी! फिजिओ बाई ट्रेडमिलवर चालवतात, मग विचारतात, "दम किती लागला? शून्य ते दहा." ही माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन." म्हटलं, शाब्बास!

५ जून
तीन.

१० जून
पुन्हा तीन. म्हणून बाईंनी वेग वाढवला. दोन मिनिटांत बोटावरचा चिमटा बोंबलायला लागला – ऑक्सिजन चौऱ्याऐंशी! मशीन बंद, ही खुर्चीत, नाकाला नळी. आणि मी काय म्हणालो? "जरा रेटावं लागतं हिला."
बाईंनी मला बाहेर बसवलं. दार अर्धवट उघडं होतं.
"आता खरं सांगा."
"आठ."
"मागच्या वेळी?"
"आठच."
"मग तीन का म्हणालात?"
"हे होते ना."

११ जून
शाळेत गेलो नाही. शिट्टी वाजवायचीसुद्धा लाज वाटते.
सुरुवातीला हिचे सांधे धरायचे, जिना चढवत नसे. चार पाहुण्यांसमोर मी म्हणालो होतो, "पोट दुखतंय म्हणणारी पोरं मी एका नजरेत ओळखतो. मला नाटकं नका दाखवू!" सगळे हसले. हीसुद्धा हसली. त्यानंतर हिनं काही दुखतंय म्हटल्याचं आठवत नाही. मला वाटलं, बरी झाली! तीन वर्षांनी ल्युपसचं निदान झालं, तेव्हाही हिच्यावरच डाफरलो – "आधी नाही का सांगायचं?"
जन्मभर पोरांना दम भरला, घरातल्या माणसाचा दम कळला नाही. कुठल्या तोंडानं स्वतःला मास्तर म्हणवतो मी?

१२ जून
वर्ग. मी आपणहून बाहेर बसलो. आत किती म्हणाली, विचारायचं धाडस झालं नाही.

१४ जून, शनिवार
सकाळी एकदाचं बोललो. "माझं चुकलं. फार चुकलं." ही म्हणाली, "चहा गार होतोय." प्यायलो.

१७ जून
वर्गाहून परत येताना ही जिन्यात मध्येच थांबली. कठडा घट्ट धरलेला. शक्य तेवढ्या हळू आवाजात विचारलं, "किती?"
ही म्हणाली, "तुम्हाला किती चालेल?"