वेळ न छापणारे मशीन

रागिणी,

पहाटे कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवत नाही. चहा थर्मासमध्ये आहे. अकरा वाजता विक्रेता दुकानात येईल. आठ दिवस वापरून पाहण्यासाठी ठेवलेल्या दोन बिल-मशीनांपैकी मोठे परत दे, छोटे ठेवून घे.

मोठे निःसंशय सरस आहे. ते बिलावर वेळ छापते आणि हाताने बिल लिहिण्यात जाणारी चार मिनिटे वाचवते. म्हणूनच गुरुवारी बटणे घ्यायला आलेल्या, दुकानाशेजारच्या मदनलाल शिंप्यांना घरी जाणारी सहाची बस मिळाली. "भागिए मास्टरजी, बस निकल जाएगी!" असे तू म्हणालीस, कोणीही म्हणाले असते. त्या बसवर अतिरेकी गोळ्या झाडतील, हे तुला ठाऊक नव्हते. वाचलेली चार मिनिटे हे मास्टरजींच्या मृत्यूचे कारण ठरत नाही, हे मी तुला पुष्कळदा समजावले. त्याचा काही उपयोग झालेला नाही.

छोटे मशीन फक्त बेरीज करते. वेळ छापत नाही आणि बरेच संथ आहे. हा मी त्याचा दोष धरलेला नाही.

मी पंचकुल्याला मास्टरजींच्या घरी जाऊन मग प्रयोगशाळेत जाईन. घाईत ते काउंटरवर विसरलेली बटणे सोबत नेतो आहे.

त्यांच्या बिलाची प्रत तू दोन दिवस शोधते आहेस. ती माझ्या वहीत आहे. पाच वाजून बावन्न मिनिटे. तिच्यावरून काहीही सिद्ध होत नाही. तरी मीही ती पुन्हा पुन्हा काढून पाहतो.

दिगंबर