म्हाताऱ्यांची हजेरी

बाई, तुमच्या शाळेत आता मुलं नाहीत. पट कमी झाला म्हणून शाळा बंद केली. राहिलेली चार पोरं शेजारच्या गावात जातात. हजेरी मात्र चालू आहे. रोज सकाळी सातला मी निरगुडसर गावभर फिरतो आणि एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्यांच्या दारात हाक मारतो. आतून ओ आली की पुढचं दार. टीव्हीवर सारखं विचारतात, देश म्हातारा होत चाललाय, कसं व्हायचं? देशाचं मला ठाऊक नाही. आमच्या गावात होतंय, आणि ते मी करतोय, हे छाती ठोकून सांगतो.

हे तुमच्याकडूनच आलं. तिसरीत असताना मित्र शाळेत आला नव्हता आणि मी त्याची ओ दिली. दुपारी त्याची आई डबा घेऊन आली, तेव्हा तुमचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही अनवाणीच कालव्याकडे पळालात. तो काठावर बसून खेकडे धरत होता. तुम्ही परत आलात, पदर चिखलाने भरलेला, आणि मला मारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "दुसऱ्याची ओ देऊ नको. कोण कुठं आहे ते मला कळलं पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून हजेरी घ्यायचं काम माझ्याकडे दिलंत. पुढच्या वर्षी तुम्ही देवाघरी गेलात. कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, एका सरांच्या अंगावर धावून गेलो म्हणून. तुम्ही असता तर कान उपटला असता. आता ठिबकची कामं करतो.

आणि एका मुलीवर माझा जीव जडलाय. गावातलीच. पुण्यात नर्सिंग झालं तिचं, आता तिथंच जर्मन शिकतेय, तिकडच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला जाणार. मी भडकलो. म्हटलं, "त्यांना माणसं न्हाईत म्हणून तू जाणार, आणि इथं तुझ्या आजीला कोन?"

"तू हाईस की," ती म्हणाली. "का नुसतं तोंडच हाय?"

झालं. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीच्या दारापासून मी हजेरी सुरू केली. म्हणजे ती ज्याच्या भरवशावर निश्चिंत जाणार, ते काम रागाच्या भरात मीच अंगावर घेतलं.

गेल्या महिन्यात, तिच्या जर्मनच्या परीक्षेच्या दिवशी, आजीची ओ आली नाही. पाच हाका मारल्या. दार आतून बंद. सहाव्या हाकेला मी लाथेने दार मोडलं. अंथरूण रिकामं, मागचं दार नुसतं ओढून घेतलेलं. तिला फोन केला. "विहिरी बघ," ती म्हणाली, "मी निघाले." आम्ही चार जणांनी तीन विहिरींत डोकावलं.

आठ वाजता दारात टोमॅटोची पिकअप आली आणि आजी पुढच्या सीटवरून उतरली, हातात प्रसाद.

"दार कुनी मोडलं रं?"

"मी. तू ओ दिली न्हाईस."

"आरं मुडद्या, चतुर्थी व्हती. मळ्यातनं गाडी सुटत व्हती, बसले आन् ओझरच्या गनपतीला गेले. देवाला जाताना तुला इचारून जायाचं व्हय?"

हो, विचारून नाही, पण सांगून. आता तसा नियमच केलाय: उद्या कुठं जायचं ते आदल्या संध्याकाळी सांगायचं. कुणाची चतुर्थी, कुणाची एकादशी, कोण आळ्याला लेकीकडे, सगळं मला पाठ आहे. आजी कुरकुरते, पण सांगते. दार मीच नवं बसवून दिलं.

आजी आल्याचा माझा फोन गेला तेव्हा ती चाकणपर्यंत आली होती. तिथंच उतरली, उलटी फिरली आणि धापा टाकत कशीबशी पेपरला बसली. पास झाली. पुढच्या महिन्यात जाईल. जाऊ दे. आजीची ओ मी तिला रोज फोनवर ऐकवणार आहे.

हे पत्र शाळेच्या कपाटात, तुमच्या जुन्या हजेरीच्या वहीत ठेवतो. ती आता कुणी उघडत नाही.

एक राहिलं, बाई. आजी आठला आली, मी तो फोन साडेआठला केला. मधला अर्धा तास मोडक्या दाराच्या पायरीवर बसून होतो, फोन हातात धरून. परीक्षा सोडून ती इकडे येत होती.