आतल्या बाजूचा अंगठा

सोमवार, ३ मार्च

ती. स्व. मामा,

शि. सा. न. गुडघ्याची सूज उतरली असेल. इकडे ठीक. घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. तुला सापडलेली सरपटणाऱ्या प्राण्याची ती कवटी मी आमच्या प्रयोगशाळेत स्कॅन केली.
२. डोळ्याच्या खोबणीमागे तू म्हणतोस तसं एक भोक नाही, दोन आहेत. खालचं प्लास्टरने बुजवून वर हाडाचा रंग दिलेला आहे.
३. म्हणजे एका भोकावरून तू मांडलीस तशी ही नवी प्रजाती नाही. आधीच माहीत असलेल्या, दोन भोकांच्या प्रजातीचं पिल्लू आहे.
४. तसा लेख मी पाठवला. तो स्वीकारला गेला.

चौथा मुद्दा तुला आज कळतोय.

फोनवर तू विचारलंस, "काय गं शहाणे, आमचं पोर फोटोत कसं आलंय?" मी म्हणाले, "स्कॅन छान आलंय." खोटं नव्हतं. तू हसून म्हणालास, "येणारच! मामीवर गेलंय ते." तेव्हा लेख पाठवून झाला होता.

प्रजातीला तू मामीचं नाव दिलंस. आता नियमाप्रमाणे जुनं नाव राहील, हे रद्द होईल. ती गेल्यानंतर हे नाव तुझ्यासाठी काय होतं, ते मला माहीत होतं. तरी आधी बोलले नाही. तू "थांब" म्हणाला असतास तर मी थांबले असते, आणि मला थांबायचं नव्हतं.

अजून एक. कवटी साफ मामीनेच केली होती. कड तुटू नये म्हणून तिने ते भोक भरलं असणार. तेव्हा सगळेच तसं करायचे. तुला सांगायचं राहून गेलं असेल. किंवा तिने सांगितलं तेव्हा तुझं लक्ष नसेल.

प्लास्टरच्या आतल्या बाजूला अंगठ्याचा ठसा आहे. बाहेरून लेप भरताना आतून आधार दिलेला. रेषान् रेषा दिसते. लेखातल्या चित्रातही तो आलाय, आणि संपादकांनी विचारलंय, कुणाचा?

नाव लिहिलं तर चूक तिच्या माथी येते. नाही लिहिलं तर तिचं नाव कुठेच उरत नाही. एक गोष्ट मी परस्पर ठरवून बसले आहे. ही ठरवणार नाही.

शुक्रवार, १४ मार्चपर्यंत मला उत्तर हवं. "लिही" किंवा "नको", एवढा एक शब्द पुरे.

तुझी भाची
(शहाणी नव्हे)